बरगीच्या पाण्यापर्यंतचा रस्ता

जबलपूरहून नागपूरच्या दिशेने निघालं, तिलवारा घाटाच्या पुलावरून नर्मदा ओलांडली आणि पुढे बरगी गावापाशी आत वळलं, की चाळीसेक किलोमीटरवर धरण लागतं. त्याच्या मागच्या जलाशयाला १८५७ च्या लढ्यातल्या रामगढच्या राणी अवंतीबाई लोधी यांचं नाव दिलेलं आहे. धरणाचं काम १९७४ च्या सुमारास सुरू झालं आणि १९९० पर्यंत पुरं झालं. नर्मदेवर आखलेल्या तीस मोठ्या धरणांपैकी सगळ्यात आधी पूर्ण झालं ते हेच. पाणी भरलेलं असताना जलाशयाची लांबी जवळपास ७५ किलोमीटर भरते, रुंदी काही ठिकाणी साडेचार किलोमीटरपर्यंत जाते आणि त्याचे फाटे जबलपूर, मंडला आणि सिवनी या तिन्ही जिल्ह्यांत घुसतात. लहान शिडाची बोट घेऊन तीन-चार दिवस भटकायचं असेल, रोज नव्या खाडीत नांगर टाकून मुक्काम करायचा असेल, तर मध्य भारतात याहून चांगलं पाणी मला ठाऊक नाही. मुंबईचा समुद्र इथून रस्त्याने हजार किलोमीटरहून लांब आहे. बरगी मात्र सकाळच्या चहानंतर निघून जेवणाआधी गाठता येतं.

अडचण इतकीच की बोट असते शहरात. अंगणात, गोदामात, नाहीतर एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये. धरणाच्या काठावर खासगी बोटी वर्षभर ठेवता येतील अशी सोय नाही. त्यामुळे सफर सुरू होते ती दोन चाकांच्या ट्रेलरवर, गाडीच्या मागे, डांबरी रस्त्यावर. बोटीच्या बहुतेक हौशी माणसांचं सगळं लक्ष शिडाकडे, नांगराकडे आणि खाण्यापिण्याच्या डब्यांकडे असतं, ट्रेलर मात्र वर्षभर पावसात आणि उन्हात तसाच पडून असतो. माझं ठाम मत आहे की लहान बोटीच्या सफरीतला सर्वांत धोक्याचा भाग पाण्यावरचा नसून पाण्यापर्यंत पोचण्याचा आहे, आणि मे महिन्याच्या उन्हात तर दुप्पट. म्हणून इथे शिडापेक्षा चाकांबद्दल जास्त लिहितो आहे.

तयारीला किती वेळ द्यावा, याचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसं करणारे ते पहिले भारतीय. प्रवासाला नऊ महिने लागले, पण ते या कामात शिरले होते २००६ मध्ये. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती छप्पन्न फुटी बोट फळी-फळीने उभी राहत असताना ते तिच्याबरोबर होते. तीन वर्षं तयारी आणि नऊ महिने प्रवास. बरगीच्या चार दिवसांसाठी एवढं कोणी करणार नाही, पण निदान चार रविवार तरी द्यायला हवेत.

आधी बोट कोणती, ते ठरवू. ट्रेलरवर न्यायची आणि तिच्यात राहून फिरायची तर पंधरा ते अठरा फुटांची फायबरची बोट पुरे. इंग्लंडमध्ये १९५७ साली इयन प्रॉक्टर यांनी आखलेली 'वेफेअरर' ही जवळपास सोळा फुटांची उघडी बोट. तिच्या नुसत्या सांगाड्याचं वजन १७० किलोच्या आसपास भरतं. फ्रँक डाय नावाच्या माणसाने १९६३ मध्ये एका सोबत्याला घेऊन तिच्यातून स्कॉटलंडहून आइसलंड गाठलं होतं. बरगीला त्या जिद्दीची गरज नाही, पण लहान बोट म्हणजे लुटुपुटुची बोट नव्हे हे त्यातून कळतं. अठरा फुटांच्या वर गेलात, छोटी केबिन आली, की वजन भराभर वाढतं आणि मग ओढायला गाडीही मोठी लागते.

इंजिनाबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे: शीड, वल्ही आणि गरजेपुरती छोटी विजेची मोटर. नर्मदेचं पाणी खाली जबलपूर शहर पितं. शिवाय सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने भोपाळच्या मोठ्या तलावातल्या क्रूझ आणि मोटरबोटींविरुद्ध आदेश दिला, त्यात नर्मदेचाही समावेश होता. त्यामुळे तेलावर चालणारं इंजिन बोटीला लावण्याआधी जिल्हा प्रशासनाकडे चौकशी केलीच पाहिजे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक बोटींना नोंदणी आणि तपासणी लागू केली आहे. बिनयांत्रिक बोटींच्या नोंदीचं काम स्थानिक संस्थांकडे सोपवलेलं आहे. कागदपत्रांचं हे काम फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकावं. ट्रेलरचंही तसंच. त्याला आरटीओची नोंदणी लागते, स्वतःचा नंबर लागतो. ओळखीच्या वेल्डरकडून लोखंडी अँगल जोडून घेतलेला गाडा महामार्गावर नेणं बेकायदा तर आहेच, शिवाय त्याच्या आसावर आणि जोडांवर कोणी जबाबदारीने सही केलेली नसते.

आता वजन. सोळा फुटी बोट, डोलकाठी, शिडं, नांगर, दोर, मोटर, बॅटरी, चार दिवसांचं पाणी आणि शिधा, वर ट्रेलरचं स्वतःचं वजन हे सगळं धरलं तर सहाशे ते साडेआठशे किलोंच्या दरम्यान कुठेतरी आकडा येतो. अंदाजावर जाऊ नका. जबलपूरच्या कटंगी रोडपासून नागपूर रोडपर्यंत कुठल्याही बाजूला धर्मकाटा सापडेल. भरलेला ट्रेलर गाडीपासून सोडवून त्याच्यावर चढवा आणि पावती घ्या. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा दिलेली असते. नसली तर कंपनीकडून लेखी विचारून घ्यावी. गाडीचं इंजिन ओढू शकतं म्हणजे गाडी ओढायला योग्य आहे असं होत नाही. खरा प्रश्न असतो थांबवण्याचा.

एकूण वजनापेक्षाही महत्त्वाचं ते वजन कुठे पडलंय. बैलगाडी हाकणारा शेतकरी हे शाळेत न जाता शिकतो: कडबा मागे जास्त भरला की गाडी उलार होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त भरला तर धुरेचा भार बैलांना पेलवत नाही. ट्रेलरचं अगदी तसंच आहे. सगळं वजन आसाच्या थोडं पुढे असावं, इतकं की हुकावर एकूण वजनाच्या साधारण सात ते दहा टक्के भार येईल. आठशे किलोंच्या ट्रेलरला म्हणजे छप्पन्न ते ऐंशी किलो. भार यापेक्षा फार जास्त झाला की गाडीचा मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात आणि सुकाणू फसवं वाटायला लागतं. कमी झाला, किंवा भार उलट वर उचलू लागला, तर ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो.

हे डोलणं नीट समजून घ्यायला हवं, कारण त्यात माणसं जातात. ट्रेलर हुकाभोवती डावीकडे-उजवीकडे फिरू शकतो. समोरून आलेल्या ट्रकच्या वाऱ्याने किंवा रस्त्याच्या खड्ड्याने त्याला झटका बसला की तो एका बाजूला जातो आणि टायरांच्या पकडीमुळे परत सरळ येतो. वेग कमी असताना प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होत जातो आणि विरतो. वेग वाढत गेला की एका विशिष्ट मर्यादेपुढे उलटं होतं, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. वजन जितकं मागे, तितकी ही मर्यादा खाली येते. नीट भरलेला ट्रेलर शंभरच्या वेगालाही शांत राहू शकतो आणि उलार भरलेला साठलाच गाडीला खेचून उलटवू शकतो. डोलणं सुरू झालं तर ब्रेकवर उभं राहू नये, सुकाणू फिरवून सावरायलाही जाऊ नये. सुकाणू सरळ घट्ट धरून पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. मग बाजूला थांबून सामान पुढे सरकवावं. पाण्याचे कॅन, बॅटरी, नांगर आणि साखळी या जड वस्तू आसाच्या किंचित पुढे, बोटीच्या तळाशी ठेवल्या की निम्मं काम होतं.

हुकावरचा भार मोजायला घरचा वजनकाटा चालतो, पण तो शंभर-सव्वाशे किलोंच्या पुढे जात नाही आणि कधीकधी भार त्याच्याही वर असतो. त्यावर उपाय सोपा आहे. एका टोकाला विटा, दुसऱ्या टोकाला वजनकाटा, दोघांची उंची सारखी, आणि दोन्हींवर एक भक्कम फळी. टेकणाऱ्या दोन बिंदूंमध्ये नव्वद सेंटीमीटर अंतर ठेवा. फळी ठेवून काट्याचा आकडा लिहून घ्या. मग ट्रेलरचं तोंड विटांपासून तीस सेंटीमीटरवर फळीवर टेकवा. काट्याच्या नव्या आकड्यातून आधीचा वजा करा आणि आलेल्या उत्तराला तीनने गुणा, म्हणजे खरा भार मिळतो. ट्रेलर सपाट जमिनीवर आणि गाडीला जोडल्यावर जितका आडवा राहतो तितकाच आडवा असला पाहिजे, चाकांना मागेपुढे दगड लावलेले असले पाहिजेत. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि मी तरी ते प्रत्येक सफरीआधी करायला सांगेन, कारण सामान दर वेळी वेगळं भरलं जातं.

जबलपूरला चाकांवर जड वस्तू ओढण्याची विद्या नवी नाही. इथली गन कॅरिज फॅक्टरी १९०४ सालची. तोफेचा गाडा म्हणजे शेवटी दोन चाकांवर तोललेला, मागे शेपूट असलेला भार, आणि तो कच्च्या रस्त्यावरून ओढून नेताना उलार होऊ न देणं हे त्या कारखान्याचं मूळ काम. शक्तिमान ट्रक आधी तिथे आणि पुढे १९६९ मध्ये उभ्या राहिलेल्या व्हेइकल फॅक्टरीत बनत होते. आजची १५५ मिलिमीटरची 'धनुष' तोफ गन कॅरिज फॅक्टरीचीच. ती ट्रकमागे ओढली जाते आणि तिचं वजन तेरा टनांच्या घरात आहे. या दोन कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर आणि टर्नर शहरभर आहेत, त्यांत मराठी घरांतलेही कितीतरी. ट्रेलरच्या आसाचं, बेअरिंगचं काम करून घ्यायचं असेल तर त्यांच्यापैकी कोणालातरी गाठा. पन्नास रुपये वाचवायला हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे जाऊ नका.

बेअरिंग हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. गाडीचं चाक वर्षभर फिरतं, ट्रेलरचं चाक वर्षातून चार-पाच दिवस फिरतं आणि बाकीचे दिवस उभं असतं. त्यात पाण्यातही बुडतं. जॅक लावून चाक उचला. दोन्ही हातांनी टायर वर आणि खाली धरून हलवा. खटखट जाणवली तर बेअरिंग सैल आहे किंवा झिजलं आहे. मग चाक फिरवून आसाला कान जवळ न्या. निरोगी बेअरिंग जवळजवळ गप्प असतं. खरखर ऐकू आली की उघडायलाच हवं. हबचं पत्र्याचं झाकण काढलं की आत खाचांचा नट आणि त्यातून गेलेली स्प्लिट पिन दिसते. पिन सरळ करून काढा, नट काढा, बाहेरचं बेअरिंग हातात येईल. ग्रीस पिवळसर किंवा लालसर आणि लोण्यासारखं असेल तर ठीक. पांढुरकं, ताकासारखं झालं असेल तर आत पाणी गेलंय. रोलरवर निळसर छटा असेल तर ते पूर्वी कधीतरी तापून गेलंय. निळं झालेलं बेअरिंग परत बसवू नये, कितीही गुळगुळीत दिसलं तरी. सगळं रॉकेल किंवा डिझेलने धुऊन, कोरडं करून, नवं ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या फटींत दाबून भरायचं, ते पलीकडून बाहेर येईपर्यंत. मागचं सील दर वेळी नवं घालावं. बसवताना चाक फिरवत फिरवत नट घट्ट करायचा, मग सैल करून नुसत्या बोटांनी पुन्हा लागेल तितका आवळायचा आणि जवळच्या खाचेत नवी पिन घालून तिची दोन्ही टोकं वाकवायची. जुनी पिन पुन्हा वापरणं ही सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे. एक तयार बेअरिंग, एक सील, पिना आणि ग्रीसचा डबा सफरीत बरोबर असावा, स्टेपनी आणि तिला बसणारा पाना तर हवाच.

टायरकडे पाहताना नक्षी किती उरली एवढंच पाहू नका. ट्रेलरचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात: २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. सहा-सात वर्षं उन्हात उभा असलेला टायर, नक्षी नवी असली तरी, भिंतीवर बारीक भेगा दाखवू लागतो. तो मे महिन्यात महामार्गावर नेऊ नये. भिंतीवरच भार दाखवणारा आकडाही असतो. ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, दोघांना मिळून ९५०. धर्मकाट्याची पावती आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहा. हवा पहाटे, टायर थंड असताना भरावी. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता तयार होते आणि जबलपूरच्या उन्हात, तापलेल्या डांबरावर, ती उष्णता बाहेर जायला वाव नसतो. रस्त्यात तापलेल्या टायरमधली वाढलेली हवा सोडून देण्याचा मोह टाळा. तो दाब तसाच वाढायला हवा असतो.

बोट ट्रेलरवर बांधायची ती तीन ठिकाणी. पुढच्या विंचचा पट्टा हा बोट ओढून घेण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर बोट रस्त्यावर नेऊ नये. नाळेला वेगळी साखळी किंवा दोर खाली ओढून, मागच्या दोन्ही कोपऱ्यांना रॅचेटचे पट्टे. ट्रेलर आणि गाडी यांच्यामध्ये दोन सुरक्षा साखळ्या, हुकाखाली फुलीसारख्या ओलांडलेल्या, म्हणजे हुक निसटला तर ट्रेलरचं तोंड रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडेल. डोलकाठी आडवी करून बोटीवर बांधताना ती मागे जास्त बाहेर येणार नाही असं बघा. मागचे दिवे, इंडिकेटर आणि परावर्तक पाट्या निघण्याआधी कोणाला तरी मागे उभं करून तपासा. ब्रेक असलेला ट्रेलर मिळाला तर उत्तमच. भार गाडीच्या वजनाच्या निम्म्यावर गेला की मी ब्रेकशिवाय नेणार नाही, कारण ऐंशीच्या वेगात जिरवायची ऊर्जा पन्नासच्या तुलनेत अडीच पट असते आणि ती सगळी गाडीच्या ब्रेकवर येते.

निघायचं पहाटे. मे महिन्यात जबलपूरचं तापमान दुपारी चाळीस-बेचाळिसच्या घरात असतं, नवतप्यात त्याहून वर जातं. सकाळी साडेपाचला निघालं तर रस्ता थंड, रहदारी कमी आणि सात-साडेसातला काठावर. वेग पन्नास-साठच्या आत. पहिल्या पंधरा किलोमीटरनंतर एकदा थांबून दोन्ही हबवर उलटा हात ठेवा. कोमट असतील तर चालेल. हात ठेवता येत नसेल तर तिथेच थांबा. दोन्हींत फरक जाणवला तरी कारण शोधा. नट, पट्टे, साखळ्या, दिवे पुन्हा एकदा पाहा. नागपूरहून बोट आणणाऱ्यांना हाच नियम दर तासाला पाळायचा आहे. अंतर पावणेतीनशे किलोमीटरचं, वाटेत पेंचचं जंगल. तिथे रस्ता उंचावर नेऊन खालून वन्यप्राण्यांसाठी मार्ग सोडलेले आहेत. त्या उन्नत पट्ट्यावर बाजूने वारा लागतो, वेग आणखी उतरवावा.

काठावर पोचताच बोट पाण्यात सोडायची घाई सगळ्यांना होते. हीच वेळ थांबायची. प्रवासाने हब गरम झालेले असतात, आत हवा प्रसरण पावलेली असते. गरम हब थंड पाण्यात गेला की ती हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. ग्रीसचं ताक होतं ते असं. अर्धा तास सावलीत बसा, त्या वेळात डोलकाठी उभी करा, पाण्याचं बूच लावा. हे बूच गाडीच्या किल्लीला बांधून ठेवण्याची पद्धत मला फार आवडते. बूच लावल्याशिवाय किल्ली मोकळी होत नाही. दिव्यांची वायर सोडवा. गाडीत चालकाशिवाय कोणी नको. मागे घेताना काचा खाली आणि सीटबेल्ट सोडलेला असावा, म्हणजे गाडी पाण्यात घसरलीच तर लगेच बाहेर पडता येईल. ट्रेलर मागे घेताना हात सुकाणूच्या तळाशी ठेवायचा. ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला जायला हवं त्या बाजूला हात न्यायचा. छोटा ट्रेलर फार पटकन आडवा होतो, म्हणून थोडं फिरवा, थोडं थांबा, गरज वाटली तर पुढे जाऊन सरळ करा आणि पुन्हा सुरुवात करा. ही कसरत काठावर पहिल्यांदा करायची नसते. आधी एखाद्या मोकळ्या मैदानावर दोन विटा ठेवून सरावून घ्यावी.

उन्हाळ्यात बरगीचा काठ हीच खरी परीक्षा. जलाशयाची पूर्ण भरलेली पातळी ४२२.७६ मीटर. सिंचनाला आणि ९० मेगावॉटच्या वीजघराला पाणी देत देत ती उन्हाळ्याअखेर कित्येक मीटर खाली येते. काठाचा उतार वीस मीटरला एक मीटर धरला, तर पाणी पाच मीटर उतरताच काठ शंभर मीटर मागे सरतो. मधल्या जमिनीवर काळ्या मातीचा थर असतो: वरून भेगाळलेला, चालण्यासारखा वाटणारा, आणि पाण्याजवळ खाली लोण्यासारखा मऊ. गाडी नेण्याआधी तिथे पायी चालून पाहावं, टाचेने दाबून पाहावं. दगडगोट्यांचा किंवा मुरमाचा पट्टा शोधावा. नाहीतर गाडी कोरड्या जमिनीवर ठेवून, ट्रेलर लांब दोराने आणि फळ्यांवरून पाण्यापर्यंत सोडावा. त्यात हबही पाण्याबाहेर राहतात. धरणाजवळच्या बरगीनगरच्या मच्छीमारांना हा काठ दर आठवड्याला कसा बदलतो ते माहीत असतं. विचारल्याशिवाय उतरू नये.

पाण्यावरचे धोके तिथल्या इतिहासातून आलेले आहेत. धरणाने १६२ गावं बाधित केली. शेतं, विहिरी, आमराया आणि जंगल पाण्याखाली गेलं, आणि विस्थापितांनी पुढे मासेमारीच्या सहकारी संस्था उभ्या करून त्याच पाण्यावर पोट भरलं. जूनमध्ये पातळी उतरली की बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात, आणि जे वितभर खाली राहतात ते जास्त वाईट. त्यामुळे खाड्यांत शिरताना शीड उतरवून, वल्ह्यावर, पुढे एकाने पाण्यात नजर लावून जायचं. मध्य प्रदेशात १६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत मासेमारी बंद असते, म्हणजे त्याआधी सगळीकडे जाळी पसरलेली असणार. तरंगणाऱ्या बाटल्या आणि थर्मोकोलचे तुकडे म्हणजे कोणाची तरी त्या दिवसाची कमाई. ती वळसा घालून टाळावी. मुक्कामाच्या जागी मगरींचा विचार करावा. तिन्हीसांजेला काठावर भांडी घासत बसू नये.

वाऱ्याचं गणित वेळेवर बसवावं लागतं. पहाटे ते दहा हा वेळ चांगला, दुपारी लू, आणि मेअखेरपासून संध्याकाळी पश्चिमेकडून येणारी आंधी. साडेचार किलोमीटर रुंद आणि लांबच लांब सरळ पाण्यावर तो वारा दहा मिनिटांत आखूड, उभ्या लाटा उठवतो. समुद्राच्या लाटांपेक्षा त्या उंचीने कमी असतात, पण एकामागोमाग एक येतात आणि सोळा फुटी बोटीला सावरायला वेळ देत नाहीत. म्हणून साडेतीनच्या आत काठ धरायचा, खाडीच्या आडोशाला, वारा येईल त्या बाजूला उंचवटा ठेवून. आकाश पश्चिमेला पिवळट-तपकिरी दिसू लागलं की चर्चा नको. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट आणि गळ्यात शिट्टी. माणशी दिवसाला पाच लिटर पिण्याचं पाणी धरा. या दिवसांत माणूस बुडण्याआधी उन्हाने खचतो. जबलपूरला मोसमी पाऊस साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोचतो. सफर त्याआधी संपवा.

बरगीच्या काठाने मराठी माणसं दर वर्षी मोठ्या संख्येने जातात, पण पायी. परिक्रमावासी नर्मदा ओलांडत नाहीत, आणि जलाशय झाल्यापासून त्यांना फाट्यांना लांबलचक वळसे घालावे लागतात. जुने घाट आणि वाटा पाण्याखाली आहेत. त्यांना बोटीत घेऊन पलीकडे सोडण्याची उदार कल्पना डोक्यात आली तरी ती बोलून दाखवू नका. पाणी, सावली, औषधाची गोळी जरूर द्या.

परत आल्यावर बोट धुण्याआधी ट्रेलर धुवा, आणि दोन्ही हब उघडून ग्रीस पाहा. त्याच आठवड्यात, पुढच्या वर्षाची वाट न बघता. यंदा जाणार असाल तर आजच एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहा, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी तुमचा मार्ग, मुक्काम आणि परतीचा दिवस घरी आणि बरगीनगरला कोणालातरी कागदावर लिहून द्या.